ताईंसाठी एक तास

दातांच्या डॉक्टरांना गल्लीच्या पूर समितीचं अध्यक्षपद मिळालं, कारण ज्या सभेत ते द्यायचं ठरलं त्या सभेला ते गेले नव्हते. बाकी सगळे आवर्जून हजर होते. आपलं नाव पुढे येऊ नये म्हणून जातीनं लक्ष घालणं भागच होतं. डॉक्टर त्या वेळी बेकरीवाल्याच्या बायकोची अक्कलदाढ काढत होते. इकडे दाढ निघाली, तिकडे डॉक्टर अध्यक्ष झाले, आणि या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध आहे हे ताईनं त्यांना पुढे कित्येकदा समजावून सांगितलं.

ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. स्वतः लग्न केलं नाही, धाकट्या भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि ते मोडलेलंही शांतपणे पाहिलं. मग एका सकाळी दात घासता घासता ती पडली आणि तिची डावी बाजू गेली. तेव्हापासून ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत असायची. अर्धं अंग निजलं होतं तरी जीभ टक्क जागी होती, आणि खात्यातल्या सवयीनं समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती लाइन तोडायची.

गल्ली उतरती होती. वरचं टोक बाजाराला लागलेलं, खालचं नदीच्या बांधाला, आणि दवाखाना अगदी खाली, वर तीन मजले असलेल्या इमारतीच्या तळाशी. नदी बांधावरून कधी आली नव्हती. तिला तशी गरजच पडली नव्हती. गल्लीखालचं गटार बांधाच्या पोटातून नदीत उघडत होतं, आणि नदी चढली की तिचं पाणी त्याच वाटेनं उलटं येऊन घराघरांतल्या मोऱ्यांतून वर निघायचं. पूर इथे पुढच्या दारानं येत नसे, न्हाणीघरातून येई. घरचाच माणूस असल्यासारखा.

मागच्या खेपेला तो भर दुपारी आला. ताईला वर न्यायला चार माणसं हवी होती. डॉक्टरांनी जिन्यात उभं राहून हाका मारल्या, आणि प्रत्येक मजल्यावरून "आलोच" असं उत्तर आलं. कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं, फ्रिज, गादी, शिलाई मशीन, आणि ते जागेवर ठेवलं की तो येणारच होता. तोवर डॉक्टरांनी ताईला पलंगावरून ओढत आणून पेशंटच्या खुर्चीत घातलं आणि पायानं पेडल दाबलं. खुर्ची घूं घूं करत पार वर चढली आणि तेवढ्यात वीज गेली. ताई पाणी ओसरेपर्यंत तिथेच होती. मांडीवर पर्स, डोक्यावर विझलेला दिवा, आणि सीटच्या खाली वीतभर अंतरावर गढूळ पाणी. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थानं काचेच्या दारातून तिचा फोटो काढला. फोटो काढण्यासाठी आपण तिन्ही मजले उतरून खाली आलो होतो, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यानंतर सरकारी ऑफिसनं एक योजना आणली. बांधाच्या पोटात, गटाराच्या तोंडाशी, एक जाड लोखंडी दार बसवलं. बांधावर त्याचा दांडा, दांड्याला एक सुटं हँडल. नदी खुणेच्या दगडाला लागली की हँडल फिरवायचं, दार खाली जातं, नदी बाहेर राहते. दार ऑफिसनं दिलं आणि हँडल गल्लीला दिलं. यालाच लोकसहभाग म्हणतात. हँडल रोज एका घराकडून दुसऱ्या घराकडे जायचं. ज्याच्या खुंटीला हँडल, त्यानं त्या दिवशी नदीवर लक्ष ठेवायचं. शिवाय रविवारी सगळ्यांनी मिळून गटार साफ करायचं, म्हणजे दार नीट बसेल.

सुरुवातीला हँडल फिरलं खरं, पण ते गरम तव्यासारखं. लोक सकाळी उठायच्या आत ते शेजाऱ्याच्या कडीला अडकवून पसार व्हायचे. एकदा तर ते चक्कीत गव्हाच्या पोत्याखाली सापडलं, आणि चक्कीवाल्यानं शपथेवर सांगितलं की ते गव्हाबरोबरच आलं असणार.

डॉक्टरांनी माणसं वळवायला घेतली. त्यांच्याकडे एक सोय होती जी दुसऱ्या कुठल्याही पुढाऱ्याकडे नसते. त्यांचे श्रोते आडवे असत आणि त्यांची तोंडं उघडी असत. जबड्यात आरसा घालून डॉक्टर विचारायचे, रविवारी येणार ना? पेशंट म्हणायचा, आं. गल्लीतली जवळपास सगळी माणसं त्या खुर्चीत येऊन आं म्हणून गेली. रविवारी बांधावर डॉक्टर आणि हरकतकाका असे दोघेच असायचे.

हरकतकाका दवाखान्याच्या भिंतीपलीकडे एकटे राहात. कुठल्या तरी खात्यात हिशेब तपासण्यात जन्म गेला होता, आणि निवृत्तीनंतर तपासायला गल्ली उरली होती. कुठल्याही सभेत, विषय मांडून व्हायच्या आत, "माझी हरकत आहे" म्हणून ते उठत. त्यांनी चक्कीच्या आवाजाला हरकत घेतली होती, बेकरीच्या धुराला, शिकवणीच्या बाईंच्या पोरांच्या चपलांना, आणि ताईच्या खोकल्याला. ताई खोकली की ते भिंतीवर काठी ठोकायचे. ताई उजव्या हातानं स्टीलचा पेला उचलून उलट ठोकायची. वर्षानुवर्षं दोघांचं एवढंच बोलणं होतं, आणि ते रोजचं होतं.

काका रविवारी का येतात, हे डॉक्टरांना कोडं होतं. एकदा त्यांनी विचारलं.

"नदी वर आली की दार खाली घ्यायचं," काका म्हणाले. "दारात गाळ असला तर ते खाली जात नाही. म्हणून गाळ काढायचा. यात 'का' कुठून आलं?"

मग ऑफिसनं एक मुलगी पाठवली. हुद्दा होता प्रेरणा अधिकारी. मुलगी सालस होती, चष्मा सारखा घसरायचा, आणि लोकांना कशानं प्रेरणा मिळते हे ती खरोखरच मनापासून शोधत होती. घरोघर जाऊन तिनं विचारलं. सगळ्यांचं मत एकच पडलं की लोकांमध्ये जागृती व्हायला पाहिजे. लोक म्हणजे कोण, तर शेजारी. तिनं चहा-बिस्किटांचा बेत केला. लोक आले, बिस्किटं संपली, लोक गेले. तिनं पुराचे भीतिदायक आकडे छापून वाटले. बेकरीत त्यात पाव बांधून मिळू लागले. ती जवळजवळ रडकुंडीला आली होती, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थानं तिला फोनमधला तो फोटो दाखवला.

आठवड्याभरात तो फोटो हातभर मोठा होऊन गल्लीत कोपऱ्याकोपऱ्यावर लागला. खुर्ची, पाणी, ताई, पर्स. खाली मोठ्या अक्षरांत: ताईंसाठी एक तास.

ताईनं तो पाहिला आणि म्हणाली, "पोट दिसतंय."

पण रविवारी गल्ली आली. चक्कीवाला आला, बेकरीवाला दोन पोरांना घेऊन आला, शिकवणीच्या बाई पदर खोचून आल्या, तिसरा मजला सगळाच्या सगळा आला. फावडी कमी पडली. गाळाच्या पाट्या हातोहात जाताना डॉक्टरांचे डोळे भरून आले, आणि काकांनी पाट्या डाव्या हातानं देण्यावर हरकत घेतली. परतताना माणसं दवाखान्यात डोकावायची, मागच्या खोलीत जाऊन "ताई, झालं बरं का आज" म्हणून सांगायची. हँडलही आता उजळ माथ्यानं फिरू लागलं. ज्याची पाळी संपली तो ते घेऊन आधी ताईकडे यायचा, दाखवायचा, मग पुढच्या घरी द्यायचा. त्या पावसाळ्यात नदी दोनदा खुणेला लागली आणि दोन्ही वेळा दार वेळेवर खाली गेलं. न्हाणीघरं कोरडी राहिली. प्रेरणा अधिकारी मुलीला ऑफिसात शाबासकी मिळाली आणि तिनं चष्मा बदलला.

डॉक्टर हवेत होते. ताई नव्हती.

"तुला वाटतंय यांना पुराची भीती बसली," ती एकदा त्यांना म्हणाली. डॉक्टर तिला भरवत होते. "भीती नाही बसली. लाज वाटलीय. त्या दिवशी कोणी खाली आलं नाही, त्याची ही फेड चाललीय. रोज माझं तोंड बघून जातात, हप्ता भरल्यासारखे."

"वाटू दे ना. दार तर लागतंय."

"आणि मी गेले की?"

"तू कुठे जातेयस?"

"मेलेल्या माणसापुढे कोणी लाजत नाही, बाळ्या. यांना सांग, स्वतःच्या फ्रिजसाठी या म्हणावं. फ्रिज लवकर मरत नाही." मग म्हणाली, "आणि तू मला शब्द दे. मी असेन नसेन, तुझ्या पाळीला तू जायचं. भिंतीपलीकडे तो म्हातारा आहे. त्याच्यासाठी कुणीही उठायचं नाही."

डॉक्टरांनी शब्द दिला. तोंडात घास असलेल्या माणसाला शब्द देणं सोपं असतं, तो पुढे काही विचारत नाही.

ताई पुरात गेली नाही. पाणी कधीचं ओसरलं होतं, रस्त्यावर धूळ उडत होती, आणि छातीत कफ साठल्याचं साधं निमित्त झालं. तिला उचलून न्यायला चार माणसं लागली तेव्हा चाळीस आली. चक्कीवाला तर लहान मुलासारखा रडला. त्याच्या रडण्यात खोट नव्हती. पण परतताना गल्ली जराशी हलकी चालत होती, अंगावरचं देणं फिटल्यावर माणसं चालतात तशी. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पुढच्या रविवारी निम्मे आले. त्याच्या पुढच्या रविवारी चक्कीवाल्याची कंबर धरली, बाईंच्या परीक्षा आल्या, बेकरीवाल्याचं पीठ बिघडलं. उन्हानं पोस्टरचा रंग उडाला. आधी पाणी उडालं, मग खुर्ची, आणि ताई काही दिवस नुसतीच हवेत बसून राहिली. हँडल घरोघर फिरत फिरत दवाखान्यात आलं आणि तिथून पुढे न्यायला कोणी आलं नाही. डॉक्टरांनी ते आपल्या पांढऱ्या कोटाशेजारी खुंटीला अडकवलं. आठवडे गेले. पेशंट त्याच्याकडे पाहून म्हणायचे, कसलं औजार आहे हो, दाढेचं का? आणि आपणच हसायचे.

काका तेवढे जात राहिले. ताई गेल्यावर काही दिवस भिंत गप्प होती. मग रोज सकाळी काठीचा एकच ठोका येऊ लागला. थांबायचा. पुन्हा येत नसे. पेला खोलीतच होता, डॉक्टरांनी तो उचलून उलट कधी ठोकला नाही. आपल्याला काय त्याचं, असं त्यांना वाटलं असं नाही; खरं तर त्यांना काहीच वाटत नव्हतं. ते दाढा काढत, हात धुवत, मागच्या खोलीचं दार लोटून घेत.

पावसाच्या तोंडावर काका एकटेच गाळ काढायला बांधाच्या पायऱ्या उतरले आणि पडले. खुबा मोडला. त्यांना पलंगावर आणून टाकलं तेव्हा गल्लीचं म्हणणं पडलं की यांना सांगितलं कोणी होतं? सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन त्यांचं करून जायची. डॉक्टर एकदा भेटायला गेले. काका छताकडे बघत म्हणाले, "दारात अजून दोन पाट्या गाळ आहे."

प्रेरणा अधिकारी मुलीला मात्र आशा वाटली. तिनं काकांचा पलंगावरचा फोटो काढला, मोठा केला आणि लावला: काकांसाठी एक तास. दुसऱ्या दिवशी त्याला मिशा फुटल्या. तिसऱ्या दिवशी खाली कोणीतरी झोकदार अक्षरात लिहिलं: आमची हरकत आहे. सगळी गल्ली पोट धरून हसली, आणि खोटं कशाला सांगा, डॉक्टरांनाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, म्हणून त्यांनी ते दाबलं नाही. रविवारी बांधावर ती मुलगी एकटी उभी होती. तिनं घरून फावडं आणलं होतं. थोडा वेळ वाट बघून ती बसनं परत गेली.

मग पाऊस लागला आणि थांबेना. एके दुपारी तिचा फोन आला. वरच्या धरणातून पाणी सोडलंय, नदी खुणेला लागेल, हँडल कोणाकडे आहे?

"माझ्याकडेच आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग जाताय ना, डॉक्टर?"

"हो, बघतो."

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. हँडल तिथेच होतं. ते हातात घ्यावं, छत्री घ्यावी, बांधापर्यंत चालत जावं, एवढंच करायचं होतं. डॉक्टर खुंटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत कोणी नव्हतं. कोणाला कोरडं ठेवायचं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला सरळ विचारला असता तर कदाचित उत्तर सुचलं असतं. त्यांनी विचारला नाही. गटार साफ करायला सांगून सांगून थकलेला, सबंध गल्लीवर मनातून रागावलेला तो अध्यक्ष आपल्याच खुर्चीत जाऊन आडवा झाला. आणि जरा वेळानं, न्हाणीघरातून ओळखीचा गुडगुड आवाज आला तेव्हा, त्यांनी हात खाली सोडून पेडल दाबलं. खुर्ची घूं घूं करत वर चढली, पार वरपर्यंत. दिवे गेले. डॉक्टर छताकडे बघत पडून राहिले. ताईला इथून असं दिसत होतं तर, त्यांच्या मनात आलं.

पाणी पोटरीला लागण्याइतकं झालं असेल, तेव्हा भिंतीवर ठोका पडला.

एक. डॉक्टरांनी डोळे मिटले. मग दुसरा पडला. मग काठी थांबेचना.

ते खुर्चीवरून उडी मारून उतरले ते गुडघाभर पाण्यात. शेजारच्या दाराला कडी नव्हती, संध्याकाळच्या बाईसाठी ते नुसतं ओढलेलं असायचं. काकांचा पलंग बुटका होता. गादी भिजून जड झाली होती आणि काका तिच्यावर पाठ टेकून, एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातानं ठोकत होते. डॉक्टरांना बघून त्यांनी काठी खाली घेतली.

"दार लावलं का?"

डॉक्टरांनी त्यांच्या काखेत हात घातले. म्हातारा अवजड निघाला. खुबा हलला तेव्हा तो ओरडला नाही, फक्त डॉक्टरांच्या दंडात त्याची बोटं रुतली. पाण्यातून ओढत, तरंगणाऱ्या चपला आणि डबे बाजूला सारत, डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात आणलं. तिथे खुर्ची होती. ताई तिच्यावर वाचली होती. काकाही वाचतील.

खुर्ची छातीइतकी उंच उभी होती.

डॉक्टरांनी पेडल दाबलं. पाण्याखाली ते मऊ दबलं आणि काही झालं नाही. पुन्हा दाबलं. विजेशिवाय ती खाली येत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिला इतकं वर त्यांनीच नेलं होतं, स्वतःसाठी. त्यांनी काकांना उचलून वर चढवायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा. दुसऱ्या वेळी दोघेही घसरले आणि काकांच्या नाकातोंडात पाणी गेलं. त्यांना भिंतीशी, ओट्याला टेकवून धरलं की तेवढं डोकं वर राहात होतं. हात सोडला की घसरत होते, आणि एकट्यानं जिना चढवणं तर ताईच्या वेळीही जमलं नव्हतं.

त्यांना तसंच धरून डॉक्टरांनी जिन्याच्या दिशेनं हाक मारली. पुन्हा मारली. वर कुठेतरी काहीतरी जड सरकवल्याचा आवाज थांबला.

"कोण आहे, डॉक्टर?" तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. आवाजात काळजी होती. "कोणाला आणायचंय?"

डॉक्टरांना उत्तर माहीत होतं आणि त्या उत्तराचं काय होणार हेही माहीत होतं. खोटं बोलायला एकच नाव होतं, आणि ते आता चालण्यासारखं नव्हतं.

"काका आहेत," ते ओरडले. "शेजारचे."

वर थोडी कुजबुज झाली.

"आलोच," आवाज म्हणाला.

सरकवण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पाणी मांड्यांच्या वर आलं. खुंटीवरचा कोट खालून भिजून फुगला होता आणि त्याच्याशेजारी हँडल कोरडं होतं. काकांनी ते पाहिलं नाही. त्यांची मान डॉक्टरांच्या खांद्यावर पडली होती आणि ते धापा टाकत होते. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू, कानाशी.

"दार लावलं का?"

"लावलं," डॉक्टर म्हणाले.

जन्मभर हिशेब तपासलेला माणूस तो, इतक्या पाण्यातही बेरीज लागेना म्हणून अस्वस्थ झाला.

"मग हे येतंय कुठून?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. जिन्यावर कान लावून ते पावलं ऐकत होते, आणि हात अवघडले होते म्हणून त्यांनी काकांना जरा वर ओढून घेतलं.